दारात दिलेलं नाव

आमच्या घरी दिवस सुरू व्हायचा तो नळाच्या आवाजानं. पाण्याच्या नव्हे, नळाच्या. पाणी यायच्या आधी त्या कोरड्या पाइपातून नुसती हवा येई. ती फुसफुसायची, मध्येच शीळ घालायची, आणि सगळी इमारत अंथरुणातून उठून बसायची. मग जिन्यावरून हंडे उतरायचा खणखणाट. भाईंदरला तेव्हा स्टीलच्या भांड्यांचे गाळे गल्लोगल्ली होते. आण्णा, म्हणजे माझे वडील, अशाच एका गाळ्यात बफिंगला होते, भांड्यांना चकाकी आणायच्या कामावर. संध्याकाळपर्यंत भांडी लख्ख होत आणि आण्णा काळे होऊन घरी येत. पोचा आलेला, विकला न जाणारा माल कामगारांना मिळायचा, त्यामुळे आमच्याकडचा एकही हंडा धड गोल नव्हता. मी कधी कुरकुरले तर आई म्हणायची, "पोचा असला म्हणून पाणी काय वाकडं बसतं व्हय त्यात?"

इमारत दामोदरशेठची. ती उभी होती तिथं एकेकाळी त्यांच्या घरच्यांचं भाताचं शेत होतं, आणि खिडकीतून पलीकडे मिठागरातले पांढरे ढीग दिसायचे. तळमजल्यावर ते स्वतः राहत. वर आम्ही भाडेकरू: गुजराती, यूपीवाले, कोकणातले आणि आम्ही मराठवाड्यातले. नळ मात्र एकच, अंगणात. सुरुवातीला त्या नळावर रोज महाभारत व्हायचं. जिचा आवाज मोठा तिचे हंडे आधी, तेही सगळेच्या सगळे. आईनंच एक दिवस नियम काढला. एका वेळी एकच हंडा. भरला की उचलायचा आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. पाणी गेलं आणि हंडा अर्धाच राहिला, तर ते ओतून द्यायचं नाही, उद्या त्या अर्ध्यापासून पुढं भरायचं. बायकांनी आधी नाकं मुरडली, पण चार दिवसांत पटलं, कारण कुणाचंच घर कोरडं राहीना.

आईला रांगेचं एवढं काय, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तिच्या गावात आमच्या लोकांना विहिरीवर रांगच नव्हती. विहिरीला हात लावायचा नाही, लांब उन्हात घागर ठेवून बसायचं. वरच्या आळीतल्या कुणाला दया आली तर ती वरून पाणी ओतणार, नाही आली तर रिकामी घागर घेऊन परत. म्हणून भाईंदरच्या त्या शेवाळलेल्या नळापुढं सगळ्यांच्या मागं उभं राहण्यात तिला कधी कमीपणा वाटला नाही. शेवटी उभ्या असलेल्या बाईचाही नंबर येतो, याचंच तिला अप्रूप होतं.

नावाचं मात्र उलटं. आई स्वतःचं नाव कुणाला सांगत नसे. या घराआधी मीरा रोडला एक खोली जवळजवळ ठरली होती. किल्ली घ्यायला गेलो तेव्हा मालकानं सहज आडनाव विचारलं, आणि ती खोली एकाएकी 'कालच दुसऱ्याला दिली' झाली. तेव्हापासून आईनं आडनाव गिळून टाकलं. दामोदरशेठशी बोलणं गाळ्याच्या मालकांनी केलं होतं. त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. दारावर पाटी नव्हती. आमच्या लोकांच्या घरात असतात ते फोटोसुद्धा आतल्या भिंतीला, दारातून दिसणार नाहीत असे. सगळ्या इमारतीत ती फक्त 'वैशालीची आई' होती.

आणि मग दामोदरशेठनं मोटर बसवली. जमिनीतून येणाऱ्या मुख्य पाइपालाच, नळाच्या अलीकडे. घूंऽऽ असा आवाज सुरू झाला की अंगणातल्या नळाची धार करंगळीएवढी होई, मग थेंब. तिकडे शेठची टाकी भरून वाहायची, ते पाणी गटारात जायचं, आणि इकडे रांगेतल्या बायका ते बघत उभ्या. स्वयंपाकघरात बसून सगळ्या शिव्या घालायच्या, अंगणात कुणी ब्र काढायची नाही. आईसुद्धा नाही. मी चिडले की म्हणायची, "मालक हाय त्यो. जागा सोडा म्हणला तर कुठं जायचं माय?" आणि आपला पोचा आलेला हंडा घेऊन इमानेइतबारे रांगेच्या शेवटी जाऊन उभी. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेठपेक्षा आईचाच राग जास्त यायचा, आणि तो खोटा नव्हता.

बी.एस्सी. झाल्यावर मी सामंत सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये लागले होते. फरसाणाच्या दुकानावरचा पहिला मजला, चपला बाहेर काढायच्या, आत एसीची थंडी, आणि खालून गाठियांच्या तळणाचा वास. कागदोपत्री मी मदतनीस. म्हणजे कव्हरं काढायची, धूळ पुसायची, टायपिंगच्या बॅचला बोटं कुठं ठेवायची ते दाखवायचं. पण सरांनी क्लाससाठी इंटरनेटचं खातं घेतलं आणि माझं नशीब फिरलं असं मला वाटलं. ते आजच्यासारखं चित्रांचं इंटरनेट नव्हे. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि जे हवं ते आज्ञा टाइप करून मागायचं. फोनच्या तारेवरून मोडेम मुंबईच्या मोठ्या संगणकाशी बोलायला लागला की आधी फुसफुस, मग शीळ. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच आलं. हा तर आमचा नळ.

सरांना युनिक्स या संगणक-प्रणालीची बॅच सुरू करायची होती. त्यासाठी तिच्याच धाटणीची लिनक्स नावाची एक फुकट प्रणाली परदेशात मिळत होती, फ्लॉपीच्या मापाच्या कितीतरी तुकड्यांत. ते तुकडे एकेक करून उतरवायचे. सर म्हणाले, "सगळं उतरवलंस ना, की ती बॅच तूच घ्यायची. फळ्यापुढं उभं राहून. वैशाली मॅडम!" आमच्या सात पिढ्यांत फळ्याच्या त्या बाजूला कुणी उभं राहिलं नव्हतं. त्या दिवशी मी घरी जाऊन खडू कसा धरायचा ते पेन्सिलीनं करून पाहिलं.

फाइल उतरवणं म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. जर्मनीतल्या एका विद्यापीठानं आपल्या संगणकावर त्या फाइली ठेवल्या होत्या, कुणीही न्याव्यात म्हणून. आपण मुंबईच्या संगणकावर शिरायचं आणि तिथून त्यांचं दार ठोठावायचं. दारात नाव विचारत. तिथं 'अनामिक' असं लिहायचं, तशीच पद्धत होती. मग परवलीचा शब्द विचारत, आणि शेजारी विनंती असे की कृपया इथं आपला ईमेलचा पत्ता लिहा. तपासत कुणी नव्हतं. 'कखग' लिहिलं तरी दार उघडायचं. पण ज्याच्या घरातून आपण फुकट काही नेतो, त्याला आपण कोण हे सांगायला नको? मी रोज माझं पूर्ण नाव आणि क्लासचा पत्ता जोडून लिहायचे. वैशाली साळवे. घरी हे सांगितलं तर आई धास्तावलीच. "तपासत न्हाईत, तर नाव कामून सांगती गं? नाव सांगितलं की माणूस सापडतो."

आत गेल्यावर तिथल्या व्यवस्थापकानं लावलेली पाटी दिसे. आमच्या विद्यार्थ्यांना दिवसा हा संगणक लागतो, बाहेरच्यांनी शक्यतो आमच्या रात्री यावं, एका वेळी एकच फाइल न्यावी. मी घड्याळ जुळवलं. आमचं पाणी भरून व्हायचं तेव्हा त्यांची मध्यरात्र उलटलेली असायची. म्हणून केसांना पाणी लावून, क्लासची किल्ली घेऊन मी सकाळीच निघायचे. एक फाइल मागायची. ती आली की लगेच दुसरी नाही, मध्ये थांबायचं. 'स्लीप' म्हणून एक आज्ञाच होती, संगणकाला जरा नीज म्हणायची. ती मी दर दोन फाइलींच्या मध्ये घालून ठेवली होती, तेवढ्यात दुसऱ्या कुणाला आपली फाइल घेता यावी म्हणून. लाइन रोज तुटायचीच. तुटली तर अर्धी आलेली फाइल फेकायची नाही, होती तिथून पुढं मागायची. मग मुंबईहून ती आमच्या टेलिफोनवरून क्लासच्या संगणकावर, मुंगीच्या पावलानं. काम हळू होत होतं, पण होत होतं, आणि माझ्यामुळे जर्मनीतल्या एकाही पोराचं काम अडलं नव्हतं.

इथं थोडं थांबून आजचं बोलते, कारण त्याशिवाय माझा राग पुरा होणार नाही. पुढं सगळी नोकरी मी एका ग्रंथालयाचे सर्व्हर सांभाळण्यात घालवली. स्वेच्छेनं निवृत्त व्हायच्या आधीची शेवटची वर्षं तर भस्म्या झालेल्या यंत्रांना हाकलण्यातच गेली. कुठल्या कुठल्या कंपन्यांची यंत्रं इंटरनेटवरून येत, एका दमात ग्रंथालयाची सगळी पानं ओरबाडत, पुन्हा पुन्हा तीच ओरबाडत. दारात पाटी लावली होती, इथून घ्या, इथून घेऊ नका, जरा थांबून घ्या. कोण वाचतो! आणि नाव विचारावं तर खोटं. आमच्याकडे एखादा विद्यार्थी घरून पुस्तक शोधत बसायचा आणि त्याच्या पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहायचं. तरुण सहकारी म्हणायचे, मॅडम, चालायचंच. का चालायचं? दुसऱ्याच्या अंगणातला नळ फुकट आहे म्हणून पाइपालाच मोटर लावायची? असो. ब्लडप्रेशरची गोळी घेऊन पुढं लिहिते.

तर, दिवाळीच्या सुट्टीत नितीन आला. सामंत सरांच्या बहिणीचा मुलगा, इंजिनिअरिंगला, पुढं परदेशी जायचं घरात आधीच ठरलेलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशातला. पहिल्याच दिवशी माझ्या खुर्चीवर बसून त्यानं माझ्या आज्ञा वाचल्या आणि हसायला लागला.

"ए वैशाली, ये स्लीप किस लिए डाला है?"

"तेवढ्यात दुसऱ्यांना घेता यावं म्हणून."

"दुसरे म्हणजे कोण? दिसतायत का तुला इथे?"

"दिसत नाहीत म्हणजे नसतात का? आमच्या नळावर..."

"अगं, सर्व्हर आहे तो! तुमचा नळ नाही," तो म्हणाला आणि मामांकडे बघून डोळा मिचकावला. सरही हसून म्हणाले, "थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते खरं गं, पण तळं साचेपर्यंत बॅच सुरू कधी करायची?"

नितीनला एक युक्ती माहीत होती. आज्ञेच्या शेवटी एक चिन्ह टाकलं की ती आज्ञा मागच्या मागे चालू राहते आणि लगेच पुढची देता येते. त्यानं उरलेल्या सगळ्या फाइली एकाच वेळी मागितल्या. तेही भरदुपारी, म्हणजे जर्मनीत विद्यार्थी येऊन संगणकापुढं बसायच्या वेळेला. परवलीच्या जागी काहीतरी अक्षरं दाबली आणि खाली फाफडा खायला गेला. मी पलीकडे टायपिंगची बॅच घेत होते. परत येऊन बघते तो मुंबईचा संगणकही धापा टाकतोय, एक अक्षर टाइप करावं तर ते उमटायला वेळ लागतोय. मी म्हटलं, "नितीन, बंद कर हे. तिकडे दार अडलं असेल लोकांचं."

"मामा, हिला सांगा ना यार. काम करतोय तर ही लेक्चर देतेय."

सर म्हणाले, "असू दे गं. एकदाच."

एकदा कुठलं? काही फाइली अर्ध्या तुटल्या. त्या पुढं मागण्याऐवजी त्यानं सगळ्या पुसून पहिल्यापासून मागितल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि रोज दुपारीच. अर्धा हंडा ओतून देऊन पुन्हा भरायला लावणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

मग एका सकाळी मोडेमनं शीळ घातली, पण मुंबईनं आत घेतलं नाही. खातं बंद. सरांनी फोन लावला, बराच वेळ नुसतं "हो, हो" करत राहिले, आणि फोन ठेवून माझ्याकडे बघितलं. जर्मनीहून तक्रार आली होती. मुंबईच्या संगणकावरून भरदिवसा एकदम इतक्या वेळा दार ठोठावलं गेलं की त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना आत जाता येईना. म्हणून त्यांनी मुंबईच्या त्या अख्ख्या संगणकालाच दार बंद केलं होतं. आणि तिकडून येऊन गेलेल्यांत बाकी सगळी नावं कखग. वाचता येण्यासारखं, पत्त्यासकट असलेलं नाव एकच होतं. वैशाली साळवे.

चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करा म्हणून लिहिली होती. आता ती माझ्या गळ्यात येऊन पडली. मी सरांना सांगितलं, माझी वेळ सकाळची, तक्रार दुपारची आहे, त्यांना वेळ बघायला सांगा. सरांना ते सांगायची गरजच नव्हती. ते तिथंच बसलेले होते त्या दुपारी, त्यांच्या डोळ्यांदेखत सगळं झालं होतं. मला माझ्या नावापेक्षाही आणखी एका गोष्टीचा संताप येत होता. मुंबईतल्या त्या एका संगणकावरून माझ्यासारखे किती जण जर्मनीपर्यंत जात असतील. कुणी कुठल्या कॉलेजात, कुणी कुठल्या हॉस्पिटलात, आपली एक फाइल मागून शांतपणे वाट बघणारे. त्या सगळ्यांच्या तोंडावर दार आपटलं होतं, आणि ते का, हे त्यांना कधी कळणारही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला आत बोलावलं. टेबलावर त्यांच्याच अक्षरातला माफीनामा तयार होता. खातं देणाऱ्या मुंबईच्या ऑफिसनं सांगितलं होतं, ज्यानं केलं त्यानं लेखी माफी मागितली तर खातं पुन्हा सुरू होईल, नाहीतर कायमचं बंद. मी वाचलं. 'मी, वैशाली साळवे, माझ्या अज्ञानामुळे...' त्यापुढं मला वाचवेना.

"अज्ञानामुळे, सर?"

"अगं, ती नुसती भाषा असते. सही कर, मी फॅक्स करतो, विषय संपला. तुझी बॅच आहेच. मी शब्द दिलाय."

"पण केलं नितीननं."

सर खुर्ची पुढं ओढून अगदी प्रेमानं बोलायला लागले. "हे बघ, त्याला बाहेर जायचंय. असल्या लफड्यात नाव लागलं तर पोराचं करिअर जाईल. तुझं काय जाणारे? आणि तुम्हा लोकांना सरकार देतंच की पुढंमागं काहीतरी."

तुझं काय जाणारे. इतकी वर्षं झाली, हे वाक्य आठवलं की अजून माझ्या कानशिलांना चटका बसतो. सरांना वाटत होतं ते समजुतीचं बोलतायत. तोच तर खरा अपमान होता. मी उद्या सांगते म्हणाले आणि घरी आले.

त्या दिवशी आईनं किनाऱ्यावरच्या पाली गावातल्या कोळीणबाईकडून सुकट घेतली होती. ती बाई आमच्या जिन्यावर टोपली उतरवून "ताजी हाय गो, वाळू न्हाय त्यान" असं ओरडायची आणि आई मराठवाड्याची असूनही भाईंदरला येऊन सुकटीच्या नादाला लागली होती. तव्यावर लसूण-मिरची घालून परतलेली सुकट, ज्वारीची भाकरी, चिरलेला कांदा. एरवी मी ताटावर तुटून पडले असते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, आई पेटून उठेल. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "करून टाक सही. सहीनं काय अंगाला भोकं पडतात? मास्तरीण व्हशील. म्हणून तर म्हणत होते, नाव कामून सांगती."

माझा बांधच फुटला. "मी रांगेत उभी होते, आई! एकेक हंडा भरत होते, तू शिकवलंस तस्सा. आणि घुसला दुसराच, आणि नाव माझं लावतायत, तर तू म्हणतेस लावून घे?"

"हळू बोल. खाली ऐकू जातं."

"जाऊ दे! ऐकू दे दामोदरशेठला! त्याची मोटर घूं घूं करत सगळं पाणी ओढते आणि तू आपली रांगेच्या शेवटी. कसली रांग? नळात पाणीच नाही तर रांग कसली?"

आईचा हात भाकरीवर थांबला. आण्णा कोपऱ्यात काळी नखं घासत बसले होते. ते एवढंच म्हणाले, "जेवू दे गं लेकराला." मी जेवले नाही. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, आणि आईकडून भाकरी करपलेली मी तेव्हाच पाहिली.

सकाळी मी पाणी भरायलाही थांबले नाही, तडक क्लासला गेले. बॅच बसलेली होती. नितीन माझ्या खुर्चीत. सरांनी कागद आणि पेन पुढं केलं, सगळ्यांसमोर, कारण त्यांना खात्री होती. माझा आवाज कसा कोण जाणे खणखणीत निघाला.

"सर, त्या दारात मी रोज माझं नाव लिहून आत गेले. चोरी करणारी बाई दारात नाव लिहून जाते का? ज्यानं कखग लिहिलं, त्याची सही घ्या."

टायपिंगचा आवाज थांबला. नितीन कीबोर्डाकडे बघत राहिला, एकदाही मान वर केली नाही त्यानं. सर म्हणाले, "म्हणजे उद्यापासून तू येणार नाहीस, असंच ना?"

"येणार होते, सर. फळ्यापुढं उभी राहणार होते."

किल्ली टेबलावर ठेवली, चपला पायात अडकवल्या आणि जिन्यात येऊन रडले. दुःखानं नव्हे, संतापानं. त्या दोन्हींतला फरक रडणाऱ्याला बरोब्बर कळतो. खाली गाठियांचं तळण चालू होतं. फरसाणवाला विचारत होता, "क्या हुआ बेटी?" मी तशीच पुढं निघाले.

पुढचं आधीच सांगून टाकते. सरांचं खातं काही सुरू झालं नाही. थोड्या दिवसांत कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर तीच प्रणाली, सगळीच्या सगळी, एका सीडीवर फुकट मिळाली. स्टॉलवर, नारळाच्या चिक्कीशेजारी टांगलेली! सरांनी ती आणली आणि युनिक्सची बॅच नितीननं घेतली. परदेशी जायच्या आधी, हौस म्हणून. मला कळलं तेव्हा मी हातातली वाटी भिंतीवर फेकली. तिला आणखी एक पोचा आला. मला दुसरी नोकरी मिळायला बराच काळ गेला, आणि फळ्यापुढं मी पुढंही कधी उभी राहिले नाही. त्याचं वाईट वाटायचं थांबलं, असं मी म्हणणार नाही.

पण हे प्रकरण मी लिहायला घेतलं ते सामंत सरांसाठी नाही. नोकरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळसाठी. नळ फुसफुसला, हंडे उतरले, मीही आईबरोबर खाली गेले, कारण आता मला जायला दुसरी जागा नव्हती. रात्री आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. रांग लागली. पहिल्या बाईचा हंडा पाव भरला असेल नसेल, तोच घूंऽऽ सुरू झालं आणि धार करंगळीएवढी झाली. बायकांनी नेहमीसारखे सुस्कारे टाकले. आईनं आपला हंडा माझ्या हातात दिला. मला वाटलं, पदर खोचतेय. ती सरळ तळमजल्याच्या ओट्यावर चढली, मोटरच्या बोर्डाशी गेली आणि चिनी मातीचा तो पांढरा फ्यूज उपसून काढला. मोटर गचका खाऊन थांबली. अंगणात इतकी शांतता झाली की पाइपातून पाणी नळाकडे वळल्याचा आवाज आला.

दामोदरशेठ बनियनवर बाहेर आले, तोंडात ब्रश. "मोटर कोनी बंद केली रं? कोन हाय?"

विचारलं होतं सगळ्यांना. गप्प राहिली असती तर कुणी तिचं नाव घेतलं नसतं, वैशालीची आई म्हणूनसुद्धा नाही. आई ओट्यावरच उभी होती. तिचा आवाज सगळ्या मजल्यांवर ऐकू गेला.

"मी केली. वत्सला किसन साळवे. दुसरा मजला."

"काय नाव सांगतंस?" शेठनी ब्रश तोंडातून काढला. सांगितलेलं ऐकू आलं नव्हतं असं नाही.

"साळवे," आई म्हणाली. "वत्सला किसन साळवे."

मी दोन हंडे धरून उभी होते. आई ओट्यावरून उतरली. नळाला आता मनगटाएवढी धार लागली होती. पुढच्या बाईला ती म्हणाली, "भर गं तू. नंबर तुझा हाय." मग माझ्या हातातून आपला हंडा घेतला आणि फ्यूज मुठीत तसाच धरून रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.